मागे बसणारं माणूस

सकाळची तिसरी फेरी संपवून ताई अँब्युलन्सच्या केंद्रावर परतली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. फेरी तशी साधीच. दम लागलेली एक आजी, चौथा मजला, बंद पडलेली लिफ्ट. आजींना खुर्चीत पट्ट्यांनी बांधून खाली आणताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर ताईच्या कमरेतून कळ निघत होती, आणि तिचा चेहरा बघून आजीच विचारत होत्या, “फार दुखतंय का गं तुला?” पुढे हॉस्पिटलच्या दारात पाऊण तास खोळंबा. आत खाट रिकामी नव्हती, आणि खाट मिळेपर्यंत रुग्ण गाडीवाल्यांच्या गळ्यात, हा हल्लीचा शिरस्ता. तो सगळा वेळ ताई भिंतीला टेकून, एक हात आजींच्या मनगटावर ठेवून उभी होती. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं, म्हणून बसली नाही.

पॅरामेडिक म्हणून हे तिचं पस्तिसावं वर्ष. निवृत्तीला दहा महिने उरले होते. लोक म्हणायचे, दहा महिने काय, हां हां म्हणता जातील. म्हणणाऱ्यांपैकी कोणी जिने चढत नव्हतं.

बूट काढून तिने पाय बाकावर घेतले न घेतले तोच साहेबांनी बोलावलं. साहेब तिच्याहून सतरा वर्षांनी लहान. माणूस सरळ, पण कायम कागदांच्या ढिगाखाली.

“ताई, प्रशिक्षित सेवेला यंदा पस्तीस वर्षं होतायत. वरून पुस्तिका काढायचं ठरलंय. इतिहासाची चार पानं तुम्ही लिहा.”

“मी? मला रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही.”

“पहिल्या तुकडीतलं दुसरं आहे कोण?”

खरंच कोणी नव्हतं. तेरा जणांची तुकडी, त्यात बायका दोन. काही वारले, काही परदेशी गेले, काहींची पाठ गेली म्हणून त्यांनी टेबलाचं काम धरलं आणि मग तेही सोडलं. ताईने कोरे कागद उचलले.

सुट्टीच्या दिवशी ती लिहायला बसली. सुरुवात सोपी होती. आधी नुसती गाडी होती. पुढे चालक, मागे स्ट्रेचर, संपलं. सकाळी त्याच गाडीतून आजारी माणूस जायचा आणि दुपारी त्याच स्ट्रेचरवरून प्रेत. मध्ये चादर बदलली तर बदलली. उचलायला चालक रस्त्यावरच्या चार जणांना हाका मारायचा, दार लावायचा आणि गाडी हाणायचा. जो जोरात हाणेल तो चांगला चालक. ताईचा दादा त्या काळातला सगळ्यात चांगला चालक होता.

मग आले नळीवाले डॉक्टर. भूल देणारे डॉक्टर होते ते. अंगाने काडी, पण राग नाकाच्या शेंड्यावर. वर्षानुवर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या दारात उभं राहून गाड्यांची दारं उघडली होती आणि आतलं माणूस वाटेतच संपलेलं पाहिलं होतं. ते म्हणायचे, “हॉस्पिटल दारापासून सुरू होत नाही. माणूस पडतो तिथून सुरू होतं.” गाडीवरच्या माणसांना श्वासाची नळी घालायला शिकवू द्या, असा अर्ज त्यांनी केला तेव्हा बाकीचे डॉक्टर पोट धरून हसले. आज हमालांना नळी घालायला शिकवताय, उद्या त्यांच्याकडून ऑपरेशन करून घ्याल. नळीवाले हे नाव पडलं ते तेव्हापासून.

वर्गाला खोली मिळाली नाही. गाड्या धुवायच्या शेडला लागून टायर ठेवायचं गोदाम होतं, तिथे टायर एका भिंतीला रचून वर्ग भरला. ताई तेव्हा बावीस वर्षांची. प्रवेशाचा कागद दादानेच आणून दिला होता, आणि ती वर्गाला जायला लागल्यावर “आल्या आमच्या डॉक्टरीणबाई” असं रोज चिडवायलाही तोच पुढे होता.

पुढचंही तिने भराभर लिहून काढलं. आधी वायरलेसवर डॉक्टरांना विचारून सुई द्यायची परवानगी मिळाली. मग बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र आलं, दोघांनी मिळून उचलावं लागे एवढं जड. मग स्वतःच्या जबाबदारीवर औषध द्यायची मुभा आली, मग कॉलेज, मग पदवी. हल्ली नव्या मुली पदवी घेऊनच येतात, आणि ताईच्या तुकडीला ज्या गोष्टीसाठी चार वर्षं भांडावं लागलं ती पहिल्याच दिवशी सहज करतात. ताईला त्याचा हेवा नव्हता. हेवा करायलाही अंगात त्राण लागतं.

अडलं ते एका ठिकाणी. वर्ग सुरू झाला त्याच वर्षाच्या शेवटी नियम आला होता: कोणतीही गाडी एकट्या चालकाने न्यायची नाही, मागे रुग्णाजवळ शिकलेलं माणूस बसलंच पाहिजे. नंतरचं सगळं या एका नियमावर उभं राहिलं. पण तो झाला कसा? तिच्या आठवणीत तो एके सकाळी फळ्यावर लागलेला होता, एवढंच. त्याच्या आधीचे दोनेक महिने घरातच इतकी धुसफुस चालली होती की कामावर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. दादाने तेव्हाच्या साहेबांशी भांडण उकरून काढलं होतं आणि एक्केचाळीस दिवस घरी बसला होता. “एवढं शिकून मी इथे नाव कमावतेय आणि तू तोंडाळपणाने घालवतोयस,” असं ती त्याला तेव्हा म्हणाली होती.

दादाला विचारावं म्हणून ती बसमध्ये बसली. चौसष्ट वर्षांचा दादा आता घरीच असायचा.

बसमध्ये तिला बाबा आठवले. तो काळ काढला की बाबा निघायचेच. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या वर्षी गेले ते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका दुपारी शिडीवरून पडले, डोक्याला मार लागला, शुद्ध गेली. लोकांनी गाडी बोलावली आणि योगायोग असा की गाडी घेऊन आला तो दादाच. त्याने आणि दुकानदारांनी बाबांना उताणं स्ट्रेचरवर ठेवलं, दार लावलं, आणि दादाने गाडी अशी पळवली की नऊ मिनिटांत हॉस्पिटल. एरवी वीस लागायची. पण बाबा वाटेतच गेले होते. “माझ्या लेकाने नऊ मिनिटांत पोचवलं हो, नशिबातच नव्हतं,” असं आई पुढे येईल त्याला सांगायची. शेवटपर्यंत सांगायची. आईला जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात नळीवाल्या डॉक्टरांनी एका माणसाला जमिनीवर उताणं झोपवलं आणि विचारलं, “हा बेशुद्ध आहे आणि घोरतोय. म्हणजे काय?” कोणीतरी म्हणालं, झोप लागली. डॉक्टर भडकले. “बेशुद्ध माणूस घोरतो तेव्हा तो झोपलेला नसतो. जीभ मागे पडून त्याची श्वासाची वाट बुजत असते. वर उलटी झाली की खेळ खलास. आणि उपाय काय? जबडा उचला, कुशीवर वळवा. अक्कल लागत नाही, जवळ माणूस लागतं.” ताई वर्गातून उठून शेडच्या नळावर गेली होती आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली होती. बाबांच्या मृत्यूच्या कागदावर ‘श्वास कोंडून’ असंच लिहिलं होतं. डोक्याच्या जखमेने ते गेलेच नव्हते.

हे तिने कोणालाच सांगितलं नाही. आईला सांगणं शक्य नव्हतं आणि दादाला सांगणं त्याहून नाही. नऊ मिनिटं हा दादाचा एकच आधार आहे असं तिला वाटायचं. तो आपण काढून घ्यायचा नाही, हे तिने त्या नळापाशीच ठरवलं होतं.

वहिनींनी दार उघडलं. “अगंबाई, ताई, केवढं तोंड उतरलंय. बसा आधी. अहो, ताई आल्यात.”

दादा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. गुडघ्यांना पट्टे. “या डॉक्टरीणबाई. कोण मेलं?”

“कोणी नाही. इतिहास लिहितेय.”

“मग सगळेच मेले की.”

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. ताईने कागद काढले आणि गाड्यांचे नंबर, जुन्या शेडची जागा असलं काहीबाही विचारत शेवटी मुद्द्यावर आली.

“दोन माणसांचा नियम कसा झाला रे? तू तेव्हा गाडीवर होतास.”

“नव्हतो. घरी बसलो होतो.”

“हो, ते तुझं भांडण. पण ऐकलं असशील ना काही?”

दादाने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात घालत होतं.

“भांडण कसलं,” तो म्हणाला. “मी गाडी न्यायला नाही म्हटलं. मागे माणूस बसवा, मग किल्ली फिरवतो, म्हटलं. साहेब म्हणाले, माणसं नाहीत. मी म्हटलं, मग मीही नाही. त्यांनी लिहिलं, उद्धट वर्तन. घरी पाठवलं.”

“तू?” ताईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “तू तर आमच्या वर्गाची टिंगल करायचास.”

“करायचो.”

“मग हे कुठून आलं?”

“टायरच्या गोदामाला खिडकी होती,” दादा म्हणाला. “शेडच्या बाजूने. उन्हाळ्यात उघडीच असायची. मी खाली गाडी धूत होतो. तो तुझा काडीपैलवान डॉक्टर बोलायला लागला की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.”

ताईला कळलं. तरी ती म्हणाली, “कधीची गोष्ट?”

“तू नळावर आलीस त्या दिवशीची. मी गाडीच्या पलीकडे उकिडवा बसलो होतो. तुला दिसलो नाही.”

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. दोघंही थांबली, वहिनी बाहेर येतात का बघत. नाही आल्या.

“मला ऐकू येत होतं गं त्या दिवशी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, जणू गाडीच्या कुठल्याशा पार्टबद्दल सांगतोय. “मधल्या जाळीतून. बाबा घोरत होते. मोठ्याने. मला वाटलं, चला, जीव आहे. मग एका सिग्नलपाशी घोरणं थांबलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आता शांत झोप लागली त्यांना. आणखी दाबला पाय.”

पस्तीस वर्षांत तिने शेकडो घरांत माणसांना वाईट बातमी सांगितली होती. कसं बसायचं, किती बोलायचं, कधी गप्प राहायचं, हे ती नव्या मुलींना शिकवायची. त्यातलं काहीच इथे हाताशी येईना.

“तुला माहीत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा.”

“तेच. म्हणून तर म्हटलं, मागे माहीत असलेलं माणूस बसवा.”

“मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?”

“तू कुठे सांगितलंस?” दादा म्हणाला. “मला वाटलं, तू आईसाठी गप्प आहेस. मग मी बोलून काय करू. आई नऊ मिनिटं, नऊ मिनिटं करायची ना, तेव्हा मी उठून बाहेर जायचो. तुला वाटायचं, मला लाजल्यासारखं होतं.”

खरंच तिला तसंच वाटायचं. आणि त्या एक्केचाळीस दिवसांत आपण त्याला काय म्हणालो तेही तिला शब्दन् शब्द आठवलं. “तोंडाळ म्हणाले मी तुला,” ती म्हणाली.

“आहेच मी तोंडाळ. त्यात काय खोटं.”

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दहाव्या दिवशी आणखी दोन चालकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. नळीवाल्या डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते दादाला भेटायला स्वतः आले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघं बसले. डॉक्टरांनी कारण विचारलं, दादाने सांगितलं. डॉक्टरांनी चहा संपवला आणि उठताना ते म्हणाले, मी बघतो. मग त्यांनी वर कुठे कुठे कागद नेले देव जाणे, पण महिन्याभरात नियम फळ्यावर लागला आणि दादाला परत घेतलं. सेवापुस्तकातला उद्धट वर्तनाचा शेरा मात्र तसाच राहिला.

“लिहू हे?”

“बाबांचं नको,” दादा म्हणाला. “किल्लीचं लिही हवं तर.”

चहा निवून गेला होता. वहिनींनी तो कधी आणून ठेवला, दोघांनाही कळलं नव्हतं.

चार पानं पुरी व्हायला ताईला तीन आठवडे लागले. कामावरून आलं की डोळे मिटायचे. एका आठवड्यात तर पाच हृदयविकार, दोन बाळंतपणं आणि एक वेडावाकडा अपघात झाला. त्यात रुग्णाचा भाऊ ताईच्या अंगावर धावून आला होता, गाडी उशिरा आली म्हणून. गाडी सात मिनिटांत आली होती. तिने त्याला काही सांगितलं नाही. रस्त्यावर बसलेल्या माणसाला सात मिनिटं म्हणजे किती, हे तिला ठाऊक होतं.

साहेबांनी पानं वाचली आणि चष्मा काढला. “ताई, सगळं छान आहे. हा चालकाचा भाग फक्त अडचणीचा आहे.”

“का?”

“दफ्तरी नोंद उद्धट वर्तनाची आहे. मी काढून बघितली. सेवेच्या पुस्तिकेत शिक्षा झालेल्या माणसाचं कौतुक कसं छापू? वर विचारतील.”

“मग चारही पानं परत द्या.”

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. रागवायला उभं राहावं लागतं, आणि ती खुर्चीत पार खचून बसली होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तेही सकाळी सहापासून तिथेच होते.

“तुमचे सख्खे भाऊ ना ते?”

“हो. म्हणून नाही सांगत मी.”

“ते कळलं मला.” साहेबांनी कागद पुन्हा ओढून घेतले, पेनाने एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली, आणि कागद तिच्याकडे फिरवला. नाव गेलं होतं, एक्केचाळीस दिवस गेले होते. उरलं होतं ते असं: एका चालकाने रुग्णाजवळ माणूस बसल्याशिवाय गाडी सुरू करण्यास नकार दिला, आणि त्यातून हा नियम झाला.

“एवढं मी माझ्या जबाबदारीवर छापतो,” साहेब म्हणाले. “याहून जास्त मला जमणार नाही.”

ताईने ते वाक्य दोनदा वाचलं. भांडायचं तर भांडता आलं असतं. “राहू दे,” ती म्हणाली.

पुस्तिका आली तेव्हा तिच्या पहिल्या नऊ पानांवर निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे फोटो होते. इतिहास दहाव्या पानापासून. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ताई एक प्रत घेऊन दादाकडे गेली. दादाने चष्मा लावून बोट ठेवत ठेवत ते पान वाचलं. त्या ओळीपाशी बोट थांबलं, पुढे सरकलं, पान संपलं.

“व्याकरण बरं आहे,” तो म्हणाला आणि पुस्तिका वहिनींच्या हातात दिली. वहिनी आतल्या खोलीत वाचायला घेऊन गेल्या.

मग तो म्हणाला, “कसं वळवतात ते दाखव मला.”

“काय?”

“कुशीवर. मी कधी शिकलो नाही. मी पुढेच बसायचो.”

ताईचे गुडघे दुखत होते, कमर भरून आली होती, आणि त्याचे गुडघे तर तिच्याहून वाईट. पण त्याने सतरंजी अंथरायला घेतलीसुद्धा होती. ती त्याला म्हणाली, “तू आडवा हो, मी दाखवते.” तो म्हणाला, “मी आडवा झालो तर मला दिसणार कसं? तू हो आडवी.”

म्हणून ताई सतरंजीवर उताणी झोपली. दादा भिंत धरत, कुरकुरत तिच्याशेजारी गुडघ्यांवर आला.

“हा जवळचा हात असा बाजूला. काटकोनात. हं. आता पलीकडचा हात छातीवरून आण आणि पंजा माझ्या गालाखाली धर.”

“असा?”

“असा. आता पलीकडचा गुडघा वर घे. वाकव. आता गुडघा धरून स्वतःकडे ओढ. हळू. पोत्यासारखं नाही.”

दादाने ओढलं. ताई कुशीवर वळली. त्याने तिचं डोकं किंचित मागे केलं, हनुवटी वर उचलली. हे तिने सांगितलं नव्हतं. खिडकीतून ऐकलेलं असणार.

“बरोबर?” त्याने विचारलं.

“बरोबर,” ती म्हणाली. गालाखाली हात होता, फरशीचा गारवा सतरंजीतून येत होता, आणि कमरेची कळ कित्येक दिवसांत पहिल्यांदा थांबली होती. उठायला हवं, असं तिच्या मनात आलं.

वहिनी पुस्तिका घेऊन बाहेर आल्या तेव्हा नवरा जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि नणंद त्याच्यापुढे निपचित. “अहो, काय झालं त्यांना?”

“काही नाही,” दादा म्हणाला. “झोपलीय. हळू बोल.”

“मग गादीवर तरी घाला.”

“नको. उठेल.”

दोन तासांनी ताई उठली तेव्हा तिची मान आखडली होती आणि गालावर सतरंजीचे वळ उमटले होते. दादा तिथेच भिंतीला टेकून बसलेला होता. त्याचे गुडघे आता त्याच्याच्याने सरळ होईनात, म्हणून ताई आणि वहिनी दोघींनी मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवलं. उचलताना कुठे धरायचं ते ताईने वहिनींना सांगितलं. मग चहा झाला, आणि साडेसहाच्या बसने ती घरी गेली, कारण सकाळी पहिली पाळी होती.